एका पायावर सहारा

मोरोक्कोच्या वाळवंटात १९८६ पासून ‘मॅरेथॉन दे साब्ल’ भरते. आठवडाभरात साधारण २५० किलोमीटर, खाणं-अंथरूण स्वतःच्या पाठीवर. पाणी आयोजक मोजून देतात. कित्येक जण त्या निमित्ताने धर्मादाय संस्थांसाठी देणग्या जमवतात. पुण्याचंच काम. पण आम्हा विरारकरांचा रोजचा लोकल प्रवास बघा: विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. जाऊन-येऊन दोन दिवसांत २४०, तेही एका पायावर, बॅग पोटाशी धरून. घरी आल्यावर पहिली चौकशी टँकरची. पाणी मोजून देणारा आयोजकही आमच्या नशिबी नाही. वसई-विरारची स्वतःची मॅरेथॉन तर जेमतेम ४२.१९५ किलोमीटरची, शिवाय मोकळ्या रस्त्यावर! विरारकराला ती सुट्टीच वाटायची. दानशूरांनो, आमच्या नावाने देणगी नको. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दुसरा पाय टेकू द्या.