नागपूरला साडेपाच तास

पुण्याहून कोलकात्याला थेट विमान असताना मी नागपूरमार्गे तिकिटं काढली, कारण माणशी ९५० रुपये वाचत होते. दोघांचे १,९००. मध्ये नागपुरात साडेपाच तास मोकळे होते. "साडेपाच तास काय करायचं तिथं, अहो?" बायकोनं विचारलं. "शहर बघू," मी म्हणालो. एवढं म्हणायला काही लागत नाही. खर्च नंतर सुरू होतो.

माझे साडू नोकरीनिमित्त तीन वर्षं नागपुरात काढून आलेले. त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर मिनिटांच्या हिशोबासकट यादी पाठवली. सीताबर्डीचा किल्ला, झीरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव. खाली ताजा कलम : सावजी मसाला आणि संत्री आणायला विसरू नका.

विमान उतरताना बाहेरचं तापमान ४३ अंश असल्याचं सांगण्यात आलं. तारीख २ मे. बायको खुर्ची सोडायला तयार होईना, म्हणून मी तिला इतिहास सांगितला. नागपूरला विमान बदलणं ही काही माझ्यासारख्या चिक्कू माणसानं शोधलेली पळवाट नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं निघत, मध्यरात्री नागपुरात जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. थैल्यांबरोबर उतारूही असत. म्हणजे अर्ध्या रात्री झोपाळलेल्या डोळ्यांनी इथं विमान बदलणाऱ्यांची एक आख्खी पिढी आपल्याआधी होऊन गेली आहे.

"त्या थैल्या रात्री यायच्या," बायको म्हणाली. "त्यांना ऊन लागत नव्हतं."

तरी निघालो. मेट्रोच्या स्थानकाचं नाव 'विमानतळ' असलं, तरी ते विमानतळाच्या दारात नाही, हे दोन मिनिटांत कळलं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं डोकं दुपट्ट्यात गुंडाळलेलं होतं, फक्त डोळे उघडे. उघड्या डोक्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे बाहेरगावचे म्हणून लांबूनही ओळखू येत होतो. पहिल्याच दुकानात दोन दुपट्टे घेतले. १,९०० मधले ३६० गेले.

मेट्रो मात्र झकास. खाली वर्धा रोड, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो, असा हा तीन मजली प्रकार ३.१४ किलोमीटर चालतो आणि २०२२ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. शाळेत ज्या ३.१४ नं माझे गणिताचे मार्क खाल्ले, तो आकडा मी एसीत बसून पाच मिनिटांत पार केला.

सीताबर्डीला उतरून रिक्षा केली. "कुठी जाऊन राहिले जी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"किल्ल्यावर."

त्यानं मागं वळून आमच्या कोऱ्या दुपट्ट्यांकडे पाहिलं. "काल यायले पायजे होतं ना जी तुमी!"

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना तो वर्षातून तीनच दिवस उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. साडूंच्या यादीत त्याला चाळीस मिनिटं दिलेली होती. "मग संत्री तरी कुठं मिळतील?" मी विचारलं. "मे महिन्यात संत्री कुठी भेटतीन बाप्पा!" तो म्हणाला. नागपुरात राहून गेलेल्या माणसाची यादी नागपूरच्या रिक्षावाल्यानं अशी चौकापर्यंत जाईस्तोवर निम्मी केली.

झीरो माइल मात्र उघड्यावरच असल्यामुळे बंद करता येत नाही. वाळूच्या दगडाचा इंग्रजांच्या काळातला स्तंभ, शेजारी चार घोडे, आणि गावोगावची अंतरं मैलांत कोरलेली. हैदराबाद ३१८ मैल. शिवनी आहे, छिंदवाडा आहे, बैतूल आहे. पुणं नाही. त्या उन्हात मी स्तंभाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पुणं नाहीच.

या अपमानावर उतारा म्हणून कस्तुरचंद पार्काजवळ पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथं पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. पोहेवाल्यानं वाढता वाढता विचारलं, "सांबार टाकू का?"

"नको नको," मी म्हणालो. "पोह्यांवर कुणी सांबार खातं का? इडली असती तर गोष्ट वेगळी."

आजूबाजूचे चारपाच जण खायचे थांबले. पोहेवाल्यानं शांतपणे चिमूटभर हिरवीगार कोथिंबीर उचलून मला दाखवली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे साडूंच्या यादीत नव्हतं. पहिला घास घेतला आणि कानांतून वाफ निघाल्यासारखं वाटलं. दुसरा घेतला. तिसऱ्यानंतर मी दुसरी प्लेट सांगितली, "सांबार जास्त" असं मोठ्यानं म्हणून. बाहेर ४३ आणि आत बहुधा तेवढंच असल्यामुळे ऊन लागेनासं झालं. मे महिन्यात नागपूरकर टपरीसमोर उभा राहून हे कसं खातो, त्याचा उलगडा मला दुसऱ्या प्लेटीत झाला.

दीक्षाभूमी आणि फुटाळा राहून गेले. त्याचा दोष दुसऱ्या प्लेटीला. सावजीच्या खानावळीत शिरायचं धाडस उरलं नव्हतं, म्हणून पाव किलो मसाला तेवढा घेतला. ताजी संत्री नाहीत, तर संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले. परतताना मेट्रोपर्यंत चालायची ताकद नव्हती, म्हणून थेट विमानतळापर्यंत रिक्षा. बेरीज झाली २,३८५.

मोठ्या बॅगा पुण्याहून परस्पर कोलकात्याला निघालेल्या. त्यामुळे मसाला हातातल्या पिशवीत होता. सुरक्षा तपासणीत तो बाहेर निघाला.

"यात तिखट आहे?"

नाही म्हणायची माझी तयारी होती, पण डोळ्यांतून अजून पाणी येत होतं. पाकीट तिथंच राहिलं. बर्फी सुटली, पण ती कोलकाता यायच्या आत संपली. साडूंना अजून यातलं काही सांगितलेलं नाही.

नागपुरात राहणाऱ्या कुणा वाचकानं सावजी मसाल्याचं पाव किलोचं पाकीट पुण्याला टपालानं पाठवावं. टपालखर्च अर्थातच मी देईन.