स्वतःचे कॉल साइन गुप्त राखणाऱ्या ऑपरेटर महोदयांस

प्रति,
हौशी रेडिओ केंद्रांचे सर्व सन्माननीय परवानाधारक,
चाळीस मीटर बँड व आसपासचा परिसर.

विषय : कॉल साइन उच्चारताना दाखविल्या जाणाऱ्या पराकोटीच्या विनयाबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून श्रोतृवर्गातर्फे सादर निवेदन करण्यात येते की, दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून परीक्षेअंती बहाल झालेले कॉल साइन, म्हणजे रेडिओ केंद्राची साऱ्या जगात एकमेव असणारी अक्षर-अंकी ओळख, महोदय ज्या निःस्पृहतेने एका श्वासात उरकून टाकतात, ती पाहता गुप्तदानाची परंपरा या देशात अद्याप शाबूत असल्याची खात्री पटते. कारण दाता कोण हे येथेही शेवटपर्यंत कोणास कळत नाही.

या ओळखीची रचना एका सर्वज्ञात उदाहरणावरून पाहता येईल. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, होते आणि त्यांचे कॉल साइन व्हीयू२आरजी असे होते. यातील ‘व्हीयू’ ही अक्षरे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने भारताला दिलेल्या मालिकेतली असून पुढचा अंक बहुधा परवान्याची श्रेणी किंवा प्रदेश सुचवितो, जसे की व्हीयू३ हे मर्यादित (रिस्ट्रिक्टेड) श्रेणीचे आणि व्हीयू४ हे अंदमान-निकोबारचे चिन्ह होय. शेवटची दोन किंवा तीन अक्षरे, ज्यांना प्रत्यय म्हणता येईल, तेवढीच काय ती त्या एका व्यक्तीची. आता गंमत अशी की, लाखो वेळा ऐकून श्रोत्याच्या कानात बसलेले ‘व्हीयू’ महोदय ठणठणीत आवाजात उच्चारतात आणि श्रोता आयुष्यात प्रथमच ऐकत असलेला प्रत्यय मात्र, वाक्य संपत आले की स्वर खाली नेण्याच्या मराठी सवयीनुसार, घशातल्या घशात विसर्जित करतात. स्वतःचे कॉल साइन स्वतःला पाठ असते, आणि सारा घोटाळा तेथेच होतो.

वर उल्लेखिलेले चिन्हच घाईने ‘व्हीयूटूआरजी’ असे म्हणून पाहावे. ‘यू’ आणि ‘टू’ एकमेकांत मिसळतात, आणि अखेरचा ‘जी’ हा डी, बी, पी, टी वा व्ही यांपैकी काहीही असू शकतो, कारण या सर्वांचा शेवट ‘ई’ या एकाच स्वरात होतो. त्यांना वेगळे करणारे व्यंजन क्षणार्धाचे असते आणि सिंगल साइडबँड, म्हणजे कमी जागेत आवाज बसविणाऱ्या प्रक्षेपणपद्धतीत, सुमारे ३००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी कापले जात असल्याने तेच नेमके पहिल्यांदा हरवते. एखाद्या सुसंस्कृत श्रोत्याचा तर असाही समज होईल की, कोणा ‘आर’ नामक गृहस्थांना आदराने ‘जी’ लावलेला आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून अक्षरागणिक एक ठरीव शब्द देणारी वर्णमाला तयार झाली. माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल व्हिने यांच्या संशोधनावर आधारलेली तिची आवृत्ती १९५१ मध्ये आली, वापरात काही शब्द दगा देतात असे दिसल्यावर १९५६ मध्ये पाच अक्षरांचे शब्द बदलले गेले, आणि भारताच्या वाट्याचा ‘यू’ त्याच वेळी ‘युनियन’चा ‘युनिफॉर्म’ झाला. अंकांचाही विचार झाला असून ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ यांचा स्वर एकच असल्यामुळे नियमानुसार त्यांना ‘नायनर’ आणि ‘फाइफ’ म्हणावयाचे असते. एवढ्या खटाटोपाने सिद्ध झालेले ‘आरजी’चे ‘रोमिओ गोल्फ’ बाजूस सारून महोदय सकाळी ‘रत्नागिरी गणपती’, दुपारी ‘राजा गवळी’ आणि रात्री ‘रेडिओ जर्मनी’ म्हणतात, ही प्रतिभा निःसंशय वंदनीय आहे. सांगलीहून साताऱ्याशी बोलताना रत्नागिरी चालेल, किंबहुना रोमिओहून बरी चालेल. तसेच ‘गोल्फ’ दोनदा म्हणूनही पोहोचले नाही तर लांबलचक ‘जर्मनी’ कधी कधी पोहोचते, हेही अनुभवी मंडळी जाणतात. तथापि गोंगाटात कान टवकारून बसलेला जपानी श्रोता ज्या शब्दांची वाट पाहत असतो, त्या यादीत गवळी नाही.

व्हीएचएफवरील, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यावरील, महोदयांचे औदार्य आणखी निराळे आहे. तेथे बोलण्याचे बटण दाबल्यापासून डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुढे फेकणारे स्वयंचलित केंद्र, जागा होईपर्यंत अल्पसा वेळ जातो. महोदय मात्र बटणाआधीच तोंड उघडत असल्यामुळे ‘व्हीयू’ हवेत जातच नाही, आणि ‘टू रोमिओ गोल्फ’ हे आपल्या राष्ट्राची ओळखच हरवलेले केंद्र अवतरते.

दुर्मिळ परदेशी केंद्राभोवती गर्दी उसळली की केवळ शेवटची दोन अक्षरे ओरडण्याची प्रथा वेळ वाचविण्यासाठी पडली, असे सांगण्यात येते. वस्तुतः ती दोन अक्षरे ऐकल्यावर समोरच्याला पूर्ण कॉल साइन पुन्हा विचारावेच लागते आणि एका फेरीचे काम दोन फेऱ्यांत होते. विमानवाहतुकीत वैमानिकालाही आपले कॉल साइन आखडते घेता येते, पण हवाई नियंत्रकाने आधी तसा संक्षेप केला असेल तरच. संक्षेपाचा पहिला अधिकार ऐकणाऱ्याकडे ठेवणाऱ्या या नियमात जेवढे शहाणपण आहे, तेवढे हौशी बँडवर अद्याप उतरलेले नाही.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीप्रमाणे हौशी केंद्राने प्रक्षेपण चालू असताना थोड्या थोड्या अंतराने आपले कॉल साइन सांगणे बंधनकारक आहे, हे महोदयांनी परीक्षेपुरते पाठ केलेच असेल. या ओळखीचे मोल आपत्तीत कळते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी संदेशवहनाला हातभार लावला, आणि २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये योगायोगाने व्हीयू४ची हौशी केंद्रे चालू होती. अशा वेळी निरोप कोणी दिला आणि उलट निरोप कोणास द्यावयाचा, हे केवळ कॉल साइनवरून ठरते.

सबब, महोदयांनी बटण दाबल्यावर क्षणभर थांबावे, आधी समोरच्याचे आणि मग स्वतःचे कॉल साइन म्हणावे, आणि त्यातील जी दोन-तीन अक्षरे महोदयांखेरीज कोणाचीही नाहीत, ती सर्वांत सावकाश म्हणावीत, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

श्रोतृवर्ग