अख्खी बॅच बेशुद्ध

लीड्सला लेकीकडे गेलो होतो. शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं. शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा मी छाती पुढे काढून इंग्रजीत सांगितलं, की १९८४ साली मी पुण्यात ‘पास आऊट’ झालो.

आजींचा कप बशीवर टेकला. “अरेरे! कशाने?”

“रात्र रात्र जागून अभ्यास केला ना.”

“एकटेच होतात?”

“छे, अख्खी बॅच! काही राहिले, ते ऑक्टोबरला झाले.”

“आणि घरचे?”

“आईने आळीभर पेढे वाटले.”

आजींनी न बोलता बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि खिडकी उघडली.

घरी आल्यावर लेक हसून हसून लोळली. तिकडे पास आऊट होणं म्हणजे शुद्ध हरपणं! चाळीस वर्षं मी हे बायोडेटात लिहीत आलो, मुलगी बघायला गेलो तेव्हा तर वरच्या पट्टीत सांगितलं. शाळेत मास्तरांनी ‘पास’ शिकवला, ‘आऊट’ तर क्रिकेटनेच शिकवला. दोघं जोडीने काय उद्योग करतात, ते कोणीच सांगितलं नाही.

अर्थात, आपलं ‘बसणं’ तरी कुठे सरळ आहे? माणूस पाकीट हरवून बसतो, नको ते बोलून बसतो, आणि हे सगळं उभ्या उभ्या. मराठी शिकणारा साहेब अशा वेळी खुर्ची आणायला धावेल.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी आजी भेटल्या. खुलासा करायला गेलो आणि सवयीने बोलून बसलो, “माझा पुतण्या नोव्हेंबरअखेर पास आऊट होणार.”

“तारीख ठरलीय?”

“हो, खडकवासल्याला, एनडीएत. बँड वाजतो. आईवडील मुद्दाम बघायला जातात.”

आजींचा चेहरा एकदम उजळला. त्यांचे यजमान फौजेत होते. शिक्षण संपवून संचलन करत बाहेर पडणं, हेही तिकडे पास आऊटच; पोलीस आणि अग्निशमनवाले रंगरूटही तसेच होतात. म्हणजे आपला शब्द निघाला तिथलाच, फक्त कवायतीच्या मैदानावरून थेट आमच्या वाणिज्य शाखेत घुसला होता.

“आमच्या ह्यांच्या परेडला मी नवी टोपी घालून गेले होते,” आजी म्हणाल्या. “काय ऊन होतं! तास दीड तास ताठ उभं राहून दोन पोरं धाडकन आडवी झाली.”

“म्हणजे पास आऊट होता होता...?”

“पास आऊट!” आजी म्हणाल्या.