भिंग जवळ असू द्यावे

बोईसर परिसरात मित्रमंडळींसह रहस्यभेदाचा खेळ मांडू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम कोण कुठल्या शिफ्टला आहे याचा तक्ता करावा. गुन्हा, गुन्हेगार वगैरे नंतर. एमआयडीसीतला एक फर्स्टला, दुसरा नाइटला, अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीतल्या जोडप्यापैकी नवऱ्याची ड्युटी आणि बायकोच्या मागे मुलाची चाचणी परीक्षा, हे गणित जुळवता जुळवता आमचे सहा आठवडे गेले. तेवढ्यात बाबूराव अर्नाळकरांच्या दोन रहस्यकथा लिहून झाल्या असत्या. (हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या माणसाबद्दल बोलतोय, म्हणजे दोन हा आकडा कमीच धरला.)

खेळ निवडताना ‘क्लूडो’च्या वाटेला जाऊ नये. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटने शोधलेला आणि १९४९ साली बाजारात आलेला हा खेळ चांगलाच आहे, पण त्यात प्रत्येक जण आपापले पत्ते छातीशी धरून दुसऱ्यावर मात करायला बसतो. तसं करायला आपल्याकडे सोसायटीची वार्षिक सभा आहे. आपल्याला हवा तो मिळून खेळायचा खेळ: सगळे एका बाजूला, गुन्हा दुसऱ्या बाजूला. १९८१ साली अमेरिकेत शेरलॉक होम्सच्या नावाने असा एक खेळ निघाला. साहित्य म्हणजे लंडनचा नकाशा, पत्त्यांची डिरेक्टरी आणि त्या त्या दिवसाचं वर्तमानपत्र. चौकशीला कुठे जायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि शेवटी, होम्सने किती कमी ठिकाणी जाऊन तोच उलगडा केला, हे वाचून मान खाली घालायची.

लंडनच्या जागी आपला मुलूख घालावा. आणि खून ठेवू नये. मी ठेवला होता, पण वहिनींनी “सणासुदीचं घरात मढं कशाला?” म्हणून हरकत घेतली आणि खुनाची चोरी झाली. केळव्याच्या एका पानवेलीच्या वाडीतून आजींची सोन्याची पाटली नाहीशी होते. संशयित चार: जावई, पुतण्या, भाडेकरू आणि चिकूचा दलाल. घरकाम करणाऱ्या मावशींना संशयितांत घालू नये. एक तर त्यात रहस्य उरत नाही आणि दुसरं, भजी तळून त्याच आणून देत असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. जबान्या लिहिताना स्थलनामांपासून सावध राहावे. माझा भाडेकरू म्हणाला, “त्या वेळी मी तारापूरला होतो.” झालं. टॅप्सवाल्याने गृहीत धरलं की तो अणुवीज केंद्रात होता, म्हणजे १९६९ पासून चाललेल्या प्रकल्पात, आणि तिथे गेटवर नोंद असणारच. एमआयडीसीवाल्याच्या मते तारापूर म्हणजे तारापूर एमआयडीसी. ती बोईसरात आहे, तेव्हा हा माणूस बोईसरातच होता. मास्तरीणबाई म्हणाल्या, तारापूर म्हणजे गाव आणि किल्ला, जो चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या जानेवारीत पोर्तुगीजांकडून घेतला. तिथून त्या वसईच्या वेढ्यापर्यंत गेल्या आणि त्यांना परत केळव्याला आणायला पाऊण तास लागला. तीन तारापुरं हातात असताना भाडेकरूला खोटं बोलायची गरजच नव्हती. पुतण्या “माहीमला होतो” म्हणाला, तेव्हा तर अर्धे खेळाडू त्याला शोधायला दादरच्या दिशेने निघाले. वास्तविक आपलं माहीम केळव्याला चिकटलेलं. चालत जाऊन पाटली उचलून चहाला परत येता येतं.

गाडीचा पुरावा वापरावा की नाही? इंग्रजी रहस्यकथांत वेळापत्रकावर सगळा डोलारा उभा असतो. पण जिथे १६ एप्रिल २०१३ पर्यंत विरारच्या पुढे लोकलच नव्हती आणि आजही मोजक्याच आहेत, तिथल्या माणसाला वेळापत्रक तोंडपाठ असतं. दलाल “पालघरहून बोईसरला येताना मध्ये केळवे रोडला उतरलो” म्हणाला, तर चिठ्ठी वाचून व्हायच्या आत पाच जण ओरडले, “मध्ये उमरोळी!” हा मी तासभर डोकं खाजवून पेरलेला दुवा होता. टिकला अर्धा सेकंद.

त्यातल्या त्यात एकच बरा जमला. जावयाच्या जबानीत लिहिलं होतं, की परवाच्या संध्याकाळी तो फ्लाइंग राणीच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कोपऱ्यातले निवृत्त काका, ज्यांनी उभा जन्म मुंबईला अप-डाउन केलं, ते भजी खाली ठेवून म्हणाले, “कुठला वरचा मजला? डबल-डेकर डबे २०२३ च्या जुलैत काढले.” आणि मग बराच वेळ कोणीच जावयाबद्दल बोललं नाही. काका वरच्या मजल्याबद्दल बोलत होते: भजनाचा ग्रुप कुठल्या डब्यात बसायचा, पत्ते कोणाच्या ब्रीफकेसवर पडायचे. असा प्रसंग आल्यास सूत्रधाराने मध्ये तोंड घालू नये. पुरावा वाया गेला तरी चालेल.

गेला. कारण तोवर सेफ्टी ऑफिसरने मार्करचं टोपण उघडलं होतं. प्रत्येक मंडळात एक सेफ्टी ऑफिसर असतो. तारापूर पट्ट्यात दोन असतात. त्याने आधी टोयोटाच्या पद्धतीने लागोपाठ पाच वेळा “का?” विचारलं. पाटली का गेली? कपाट उघडं होतं. का? आजी विसरल्या. का? पाचव्या “का”ला दोष आजींकडे आला आणि फेरप्रशिक्षणाची शिफारस झाली. मग त्याने जपानच्या इशिकावांची फिशबोन आकृती काढली: मधे कणा, वर-खाली काटे, एकेका काट्यावर माणूस, यंत्र, पद्धत, साहित्य. सातपाटीची आमची मैत्रीण बराच वेळ फळ्याकडे बघत होती. “हा मासा कुठला?” तिने विचारलं.

“कुठलाही. समज, पापलेट.”

“पापलेटाला एवढे काटे कुठून आले? हे भिंग आहे. नुसते काटे. आत गाबोळी असली तरच अर्थ.”

गुप्तहेराजवळ भिंग असावे ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

सहकार्याच्या तत्त्वाबद्दल थोडं. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्यावी आणि मजकूर मोठ्याने सांगावा अशी सूचना करावी. कोणी पाळत नाही. लहानपणी राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळून आपल्या हाताला वळण लागलेलं असतं: घडी केलेली चिठ्ठी मिळाली की मूठ आवळते आणि चेहरा साळसूद होतो. आमच्याकडे पुतण्याच्या कर्जाची चिठ्ठी एकाने खिशात ठेवली ती तशीच घरी नेली. का, तर “कोणी विचारलंच नाही”. मास्तरीणबाईंनी मात्र आपली चिठ्ठी मोकळेपणाने सर्वांना दाखवली, ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून.

नऊच्या सुमारास मतदान घेतलं. भाडेकरूला तीन मतं, दलालाला दोन, आजींना एक (सेफ्टी). पालघरच्या मंडळींना लोकल पकडायची होती, म्हणून मी ऐटीत उत्तराचं बंद पाकीट आणायला आत गेलो.

हे पाकीट कसे ठेवावे, ही या मार्गदर्शनातली शेवटची सूचना. त्यावर ठळक अक्षरांत ‘उत्तर’ असे लिहावे. ते पांढरेच असावे. घरात सापडले म्हणून गुलाबी, वर गणपती छापलेले आणि एक रुपयाचे नाणे चिकटवलेले पाकीट घेऊ नये. आणि घेतलेच, तर कपाटाच्या ज्या कप्प्यात आहेराची पाकिटं असतात त्यात ते ठेवू नये, विशेषतः त्याच दिवशी दुपारी चिंचणीला लग्न असेल तर.

आत पाकीट एकच होतं. फोडलं, तर पाचशेची नोट निघाली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी नोटेकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचणीहून वधूपित्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू.

“भाऊ, आहेर पोचला. पण आत चिठ्ठी आहे, ‘पाटली जावयानेच घेतली’. आमच्याकडे अजून कोणाला दाखवली नाही. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”