मुळावर उठलेल्या फायली

दुकानातल्या काही लॅपटॉपच्या खोक्यावर 'फ्रीडॉस' असं लिहिलेलं असतं. ही डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची मोफत आवृत्ती. विंडोजचा परवाना नसल्यामुळे किंमत थोडी कमी पडते. घरी आणल्यावर बहुतेक जण ते फ्रीडॉस पुसून टाकतात. ज्याला ते नको, त्याने पुसावं. पण ज्यांना ते हवंय, म्हणजे जुना हिशेबाचा प्रोग्राम चालवायचाय, टर्बो सी शिकायचंय किंवा जुने खेळ खेळायचेत, त्यांच्या सी ड्राइव्हवर एकदा डीआयआर हा आदेश देऊन पाहा. सिस्टीमच्या फायली, हिशेबाच्या फायली, खेळ, मुलांचे प्रोग्राम, अर्ज, पत्रं, सगळं एकाच यादीत. 'थोडा पसारा झालाय' म्हणून हे सोडून देणं मला मान्य नाही. यातून माणसांचं काम बुडतं, आणि ते टाळणं अवघड नाही.

आधी हे झालं कसं ते पाहू. 1981 साली डॉसची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात उपडिरेक्टरी हा प्रकारच नव्हता. 160 किलोबाइटची फ्लॉपी आणि तिच्या यादीत जास्तीत जास्त 64 नोंदी. एवढ्याशा जागेत वर्गवारीची गरज कुणाला भासली नाही. मार्च 1983 मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि तिच्यासाठी डॉस 2.0 मध्ये डिरेक्टऱ्यांची रचना आली. ती युनिक्सवरून घेतलेली होती. युनिक्सची तिरकी रेघ मात्र घेता आली नाही, कारण डॉसमध्ये ती आदेशांच्या स्विचसाठी आधीच वापरात होती. म्हणून डॉसच्या पत्त्यात उलटी रेघ आली.

रचना आली, पण कुठली वस्तू कुठे ठेवायची याचे संकेत तिच्याबरोबर आले नाहीत. युनिक्सच्या जगात ते वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने पक्के झाले होते. लिनक्सच्या मंडळींनी तर 1994 मध्ये त्यांचं लेखी मानकच केलं. डॉससाठी तसं काही झालं नाही. प्रत्येक कंपनीने आपला इन्स्टॉलर आपल्या मर्जीने लिहिला. एकाने सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःची डिरेक्टरी केली, दुसऱ्याने डॉसच्याच डिरेक्टरीत फायली टाकल्या, तिसऱ्याने न विचारता, संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये आपली ओळ घातली. वापरणाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही. पसाऱ्याचा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

रूट डिरेक्टरी, म्हणजे सी ड्राइव्हचं मूळ, मोकळी का ठेवायची, याला तांत्रिक कारण आहे. फॅट-16 पद्धतीच्या हार्ड डिस्कवर रूटमध्ये सहसा 512 नोंदींचीच जागा असते. डिस्कवर कितीही जागा शिल्लक असली तरी ती यादी भरली की तिथे नवी फाइल बनत नाही. उपडिरेक्टरीला ही मर्यादा नाही. शिवाय संगणक सुरू व्हायला लागणाऱ्या फायली याच रूटमध्ये असतात. फ्रीडॉसचा गाभा असलेली कर्नल डॉट सिस तिथेच हवी, आणि कमांड डॉट कॉमही बहुधा तिथेच असते. आपल्या कामाच्या फायली त्यांच्या शेजारी ठेवल्या की एखाद्या दिवशी साफसफाईच्या नादात 'सगळं पुसा' असा आदेश दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी संगणक उठतच नाही.

आता पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांची यादी. आपण एखादं नाव टंकलं की डॉस ते आधी स्वतःच्या अंगभूत आदेशांत शोधतो, मग चालू डिरेक्टरीत, मग पाथमध्ये दिलेल्या डिरेक्टऱ्यांत, दिलेल्या क्रमाने. एकाच डिरेक्टरीत एकाच नावाच्या तीन फायली असल्या तर आधी कॉम, मग ईएक्सई, मग बॅट. पाथची ओळ फार लांबवताही येत नाही, कारण एमएस-डॉसमध्ये आदेशाची ओळ 127 अक्षरांत संपते. प्रत्येक इन्स्टॉलरने आपली डिरेक्टरी पाथला जोडली की शेवटच्या प्रोग्रामला जागाच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रोग्रामच्या एडिट नावाच्या फायली असतील, तर त्यातली कुठली चालेल हे आपल्याला कळत नाही. ते पाथच्या क्रमावर ठरतं, आणि तो क्रम शेवटच्या इन्स्टॉलरने लावलेला असतो.

यावर जुन्या डॉसवाल्यांचा उपाय चांगला आहे आणि आजही तोच वापरावा. बॅट नावाची एक छोटी डिरेक्टरी करायची. प्रत्येक मोठ्या प्रोग्रामसाठी तिच्यात दोन-तीन ओळींची बॅच फाइल लिहायची: अमुक डिरेक्टरीत जा, तमुक प्रोग्राम चालव. पाथमध्ये फक्त सिस्टीमची बिन डिरेक्टरी आणि ही बॅट ठेवायची. नवा प्रोग्राम आला की पाथला हात लावायचा नाही, एक बॅच फाइल वाढवायची. गेला की ती पुसायची.

महाराष्ट्रातल्या हजारो विद्यार्थ्यांनी या गोंधळाची किंमत मोजली आहे. टर्बो सी++ 3.0 हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा कंपायलर. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि बारावीच्या संगणक विषयात तो त्यानंतर कितीतरी वर्षं शिकवला गेला, पुढे डॉसबॉक्समध्ये घालूनही शिकवला गेला. मुलं कंपायलरच्या बिन डिरेक्टरीत जाऊन तो सुरू करत आणि प्रोग्राम तिथेच सेव्ह करत. नाव दिलं नाही तर नोनेम झिरो झिरो. त्याची ऑब्जेक्ट फाइल तिथेच, ईएक्सई तिथेच, बॅकअप तिथेच. वर्षअखेरीला कंपायलरच्या स्वतःच्या फायली कुठल्या आणि आपल्या कुठल्या हे कुणालाच सांगता येत नसे. प्रयोगशाळेत कंपायलर पुन्हा टाकताना जुनी डिरेक्टरी पुसली की मुलांचं काम गेलं. खरं तर त्या कंपायलरच्या ऑप्शन्स मेनूत डिरेक्टरीज नावाची खिडकी होती. इन्क्लूड, लायब्ररी, आउटपुट आणि सोर्स असे चार रकाने. ते भरायला पाच मिनिटं पुरेशी होती. किती वर्गांत ते शिकवलं गेलं?

ग्राफिक्सच्या प्रोग्राममध्ये तर पत्ता थेट कोडमध्ये लिहावा लागे. इनिटग्राफ या फंक्शनला ग्राफिक्सचे ड्रायव्हर असलेल्या बीजीआय डिरेक्टरीचा पत्ता द्यायचा. घरच्या संगणकावर ती टीसीमध्ये, कॉलेजात टर्बोसी थ्रीमध्ये. घरी चाललेला प्रोग्राम परीक्षेला 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' म्हणून बंद पडे. त्यात पत्ता लहान अक्षरांत आणि एकेरी उलट्या रेघेने लिहिला तर सी भाषा रेघ-टीचा अर्थ टॅब आणि रेघ-बीचा अर्थ बॅकस्पेस असा लावी. पत्त्याची वाट लागे आणि मुलाला वाटे आपलं गणित चुकलं. बीजीआय ड्रायव्हर प्रोग्राममध्येच जोडून टाकायची सोय त्या कंपायलरमध्ये होती. ती सांगितली असती तर पत्त्याची गरजच संपली असती. मुलं हुशार होती. त्यांना फाइल कुठे राहते आणि प्रोग्राम ती कुठे शोधतो, हे शिकवलं गेलं नाही. हा शिक्षणाचा दोष आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे.

हिशेबाच्या प्रोग्रामची गोष्ट याहून गंभीर. पतसंस्थांत, दूध संस्थांत, दुकानांत फॉक्सप्रो आणि क्लिपरमध्ये लिहिलेले प्रोग्राम वर्षानुवर्षं चालले. त्यातल्या अनेकांत प्रोग्राम आणि खात्यांच्या डीबीएफ फायली एकाच डिरेक्टरीत असत. नवी आवृत्ती टाकायची म्हणजे फ्लॉपीवरच्या सगळ्या फायली त्या डिरेक्टरीत कॉपी करायच्या. फ्लॉपीवर त्याच नावाची रिकामी डीबीएफ असली तर ती भरलेल्या डीबीएफच्या जागी बसणार. कॉपीचा आदेश जुन्या फाइलवर नवी लिहिण्याआधी विचारू लागला तो एमएस-डॉस 6.2 पासून, म्हणजे 1993 मध्ये. त्याआधी तो विचारतही नसे. सभासदांच्या ठेवींची नोंद आणि ती दाखवणारा प्रोग्राम एका डिरेक्टरीत ठेवणाऱ्याने कितीही सुंदर छापील अहवाल काढून दिले, तरी त्याचं काम अर्धवटच.

फ्रीडॉसने या बाबतीत शहाणपण दाखवलंय. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस गुंडाळणार हे दिसल्यावर जिम हॉल या विद्यार्थ्याने 29 जून 1994 रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. 1.0 आवृत्ती 2006 मध्ये आली, 1.4 एप्रिल 2025 मध्ये. यात सिस्टीम स्वतःच्या एका डिरेक्टरीत राहते आणि तिचा पत्ता डॉसडिर या चलात असतो. प्रत्येक प्रोग्राम झिप पॅकेज म्हणून येतो. पॅकेज बसवताना कुठकुठल्या फायली टाकल्या त्याची यादी लिहून ठेवली जाते आणि काढताना त्या यादीप्रमाणे काढल्या जातात. छोटी साधनं एकाच बिनमध्ये एकत्र टाकणं यामुळेच परवडतं. जिथे अशी नोंद ठेवणारं कुणी नाही, म्हणजे आपण हाताने उतरवलेल्या प्रोग्रामसाठी, ते अजिबात परवडत नाही.

म्हणून माझा आग्रह चार गोष्टींचा.

सिस्टीमच्या डिरेक्टरीत आपण काहीही टाकायचं नाही. ती पॅकेज मॅनेजरची.

हाताने टाकलेल्या प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची डिरेक्टरी द्यायची आणि त्या सगळ्या एका अ‍ॅप्स डिरेक्टरीखाली ठेवायच्या. खेळ वेगळे हवे असतील तर गेम्स. याहून जास्त वर्गवारी नको. एडिटर हा लेखनाचा प्रोग्राम की प्रोग्रामिंगचा, यावर वाद घालत बसलात तर ठेवलेली वस्तू सापडणार नाही. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं आणि मुळापासूनचा डिरेक्टरीचा पत्ता 63 अक्षरांचा, तेव्हा खोल उतरण्यात फायदाही नाही.

आपलं काम, म्हणजे पत्रं, कोड, खाती, तिसऱ्या ठिकाणी. वर्क म्हणा, डेटा म्हणा. प्रोग्रामच्या डिरेक्टरीत त्यातलं काहीही नको.

आणि पाथमध्ये दोनच नावं.

आजच्या मोठ्या डिस्कवर हे कशाला, असं कुणी विचारेल. हा प्रश्न जागेचा नाहीच. डॉसमध्ये रजिस्ट्री नसते. एका डिरेक्टरीत राहणारा बहुतेक प्रोग्राम एक्सकॉपीने उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येतो आणि डेलट्रीने मुळासकट काढता येतो. बॅकअपला फक्त वर्क डिरेक्टरी पेन ड्राइव्हवर घेतली की झालं. नंतरच्या कितीतरी महागड्या सिस्टीमना हे इतक्या सोपेपणाने जमत नाही. ही मोकळीक डॉसने आपल्याला फुकट दिली आहे. पण ती मिळते प्रोग्राम आणि काम वेगळं ठेवणाऱ्यालाच.

शिक्षकांना माझी विनंती आहे. पहिल्या तासाला 'हॅलो वर्ल्ड' लिहून घ्या, पण त्याआधी मुलांकडून त्यांची स्वतःची डिरेक्टरी करून घ्या आणि आउटपुटचा रकाना भरून घ्या. प्रोग्राम विकणाऱ्यांनी इन्स्टॉल कुठे करायचं ते ग्राहकाला विचारावं, आणि खात्यांच्या फायली कुठे आहेत ते कागदावर लिहून द्यावं. ज्यांच्याकडे जुनं मशीन अजून चालतंय त्यांनी येत्या रविवारी सी ड्राइव्हच्या मुळाशी डीआयआर द्यावा आणि तिथे असलेली स्वतःची प्रत्येक फाइल वर्कमध्ये हलवावी. प्रोग्राम बिघडला तर पुन्हा टाकता येतो. दहा वर्षांची खातेवही कुठल्याही इन्स्टॉलरमधून परत मिळत नाही.