मंगलाष्टकांची निर्यात

दिग्रसच्या मुलखातून विलायतेस काही जावे तर तो कापूसच, असा आमच्या पंचक्रोशीचा पिढीजात समज आहे. आणि तो अगदीच निराधार नाही, कारण १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून तिकडील कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांस आमच्या वऱ्हाडाविषयी एकाएकी विलक्षण जिव्हाळा उत्पन्न झाला होता. अशा या कापूसप्रधान प्रांतातून मंगलाष्टकांची निर्यात करण्याचा बहुमान मात्र दैवाने माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकासाठी राखून ठेवला होता.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मूळच्या दिग्रसकर कुटुंबाने चिरंजीवाच्या विवाहानिमित्त माझ्याकडून शार्दूलविक्रीडितात पाच मंगलाष्टके रचवून घेतली. वधूचे पाच अक्षरांचे ख्रिस्ती नाव बाराव्या अक्षरावरील यतीनंतर, उरलेल्या सात अक्षरांच्या बिऱ्हाडात, प्रत्यक्ष सासरी जाण्यापूर्वीच सुखाने नांदू लागले, हे पाहून यजमान संतुष्ट झाले आणि त्यांनी एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सेवेमार्फत एकावन्न डॉलर मानधन रवाना केले. कापसाच्या गाडीवर अडत्याने अडत, तोलाई व हमाली लावावी, त्याच तत्परतेने त्या सेवेने आपले शुल्क व हुंडणावळ कापून घेतली. त्यात शकुनाचा वरचा एक प्रथम कामास आला आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे काही भाऊबंदही.

तथापि खरा पेच पुढेच होता. अनिवासी भारतीयांनी २०२२ साली स्वदेशी धाडलेली रक्कम शंभर अब्ज डॉलरांच्या वर गेली, असे सांगतात. परंतु त्या महापुरातील प्रत्येक थेंबास, तो कोणत्या सबबीवर आला, हे रिझर्व्ह बँकेच्या सूचीतील सांकेतिक क्रमांकाने कळवावे लागते. कुटुंबाच्या निर्वाहासाठी पी १३०१, वैयक्तिक भेट व देणगी यांसाठी पी १३०२. वकिलांची, जाहिरातदारांची, संगणकवाल्यांचीही सोय त्या सूचीत आहे, परंतु मंगलाष्टकांची नाही.

"गुरुजी, हे पैसे कायचे हायेत जी? भेट म्हणून लिवून टाकू का?" बँकेतील तरुण कारकुनाने सद्भावनेने विचारले. परंतु वीस ओळींचे गण मोजून ज्याची बोटे झिजली, त्याने आपल्या श्रमास देणगी म्हणवून घेणे माझ्या स्वाभिमानास मानवेना.

कवितेचे प्रयोजन काय, हा प्रश्न काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात सोडविला असल्याचे स्मरून मी त्याची सहा प्रयोजने एकेक करून तपासली. यश म्हणावे, तर त्या मांडवात कवीचे नाव कोणी विचारणार नव्हते. अर्थ म्हणावा, तर पैसे कशाबद्दल आले, या प्रश्नास पैशासाठी आले, हे उत्तर कोणत्याही दफ्तरात रुजू होत नाही. व्यवहारज्ञान माझ्यापाशी नव्हते, हे हुंडणावळीनेच सिद्ध केले होते. अमंगलाच्या निवारणास सूचीत रकाना नव्हता. आनंदासही नव्हता, आणि करविभागाचा विचार करता ते एका परीने बरेच होते. उरला केवळ कांतेने गोडीगुलाबीने करावा तसा उपदेश. आणि काय आश्चर्य, तो सूचीत सापडला! पी १००६ : व्यवसाय व व्यवस्थापनविषयक सल्ला.

शाखाधिकाऱ्यांनी कपाळास आठी घालून माझी कैफियत ऐकली. मी निवेदन केले की, संसार हा व्यवसाय आहे किंवा नाही याविषयी मतभेद संभवेल. परंतु प्रत्येक मंगलाष्टकाच्या अखेरीस येणारे 'सावधान' हा त्याच्या व्यवस्थापनाविषयीचा निखालस सल्ला असून, तो ग्राहकास उपयोगी पडेल अशा अखेरच्या क्षणी देण्यात येतो. साहेब विवाहित होते. त्यांनी अन्य कोणताही पुरावा न मागता दाखल्यावर सही केली.