एम. ए. करणाऱ्याने ध्येय कसे बाळगावे

कळवणसारख्या तालुक्याच्या गावी एम. ए.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास दोन गोष्टी सदैव जवळ बाळगाव्या लागतात : कॉलेजच्या कार्यातला सहभाग आणि करिअरचे ध्येय. पहिल्याचा फोटो हवा, दुसरे विचारताक्षणी सांगता यायला हवे. अभ्यास ही ज्याची त्याची खासगी बाब असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.

सहभागाची सुरुवात सतरंजीपासून करावी. सतरंजी अंथरणाऱ्याकडे माइक तपासायचे काम येते, माइक तपासणारा पुढल्या वर्षी सूत्रसंचालन करतो आणि सूत्रसंचालकाला प्राचार्य नावाने हाक मारू लागतात. आभारप्रदर्शन मात्र कोणी गळ्यात घातले तरी घेऊ नये. त्यात एक नाव हमखास सुटते आणि ते नेमके एखाद्या संचालकाचे निघते. सर्वांत सुरक्षित जागा शाल-श्रीफळाच्या तबकामागची. पाहुणे बदलतात, तबक धरणारा प्रत्येक फोटोत असतो.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. वर्षाला 120 तास काम, शिवाय सात दिवसांचे शिबिर. पदवीला ते उरकले असेल तर ‘माजी स्वयंसेवक’ म्हणून जावे. कामे सांगता येतात. मात्र वनराई बंधाऱ्याच्या दिवशी स्वतः गोण्या भराव्यात. सिमेंटची रिकामी गोणी मातीने गळ्यापर्यंत ठासायची नाही, थोडी सैल ठेवून तोंड शिवायचे. ठासलेल्या गोण्या एकीवर एक नीट बसत नाहीत आणि नाल्याचे पाणी फटींतून निघून जाते. आठवडाभरात खरोखर शिकण्यासारखे एवढेच असते आणि प्रमाणपत्रावर नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

विद्यार्थी प्रतिनिधी व्हायची हौस असल्यास निवडणुकीची वाट पाहू नये. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका 1990च्या दशकात बंद झाल्या. 2016च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा दार उघडले, 2019मध्ये त्या होणार होणार म्हणता म्हणता पुढे ढकलल्या गेल्या. तोवर वाढदिवसाचा फ्लेक्स लावावा. नेतृत्व त्यानेही सिद्ध होते, आणि मतमोजणीची कटकट नाही.

आता ध्येय. ते एकच ठेवणे ही नवशिक्यांची चूक. विभागप्रमुखांनी विचारले तर ‘सेट, मग पीएच.डी.’. मामांनी विचारले तर ‘एमपीएससी’. पहाटे मैदानावर कोणी गाठले तर ‘पोलीस भरती’. मात्र मग 1600 मीटर धावूनही दाखवावे लागते. सोयरिकीच्या बैठकीत नुसते ‘फॉर्म भरलाय’ म्हणावे. कशाचा, हे मुलीचे वडील विचारत नाहीत, मुलगी विचारते. कांद्याचा भाव पडलेला असताना ‘शेतीच करणार’ असे वडिलांपुढे चुकूनही म्हणू नये. भाव चढल्यावर म्हणावे, पण तेव्हा चाळ रिकामी झालेली असते.

मार्गदर्शकाने आकडे सांगून उत्साह घालवू नये असा संकेत आहे. तरी सांगतो : 2023च्या तलाठी भरतीत जागा 4644 होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून इथल्या आदिवासी पोरांना पेसाच्या, म्हणजे अशा क्षेत्रासाठी राखून ठेवलेल्या जागांची आशा. ही पेसाची भरती कोर्टात अडकली आणि नेमणुका मिळाव्यात म्हणून 2024मध्ये उमेदवारांना नाशिकला आंदोलन करावे लागले. परीक्षा पास झाल्यावरही रस्त्यावर बसायचे, हे कुठल्याच क्लासच्या अभ्यासक्रमात नाही. असायला हवे.

सर्व बाजूंनी विचार करता सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, हेच सर्वोत्तम ध्येय ठरते. एमपीएससीला खुल्या गटासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 अशी वयाची अट. सेटला वयाची अटच नाही, त्यामुळे हे ध्येय जन्मभर पुरते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हा वरचा फायदा. पास झालात तर तासिका तत्त्वावर शिकवायला मिळेल, म्हणजे दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत पगाराविना पुढचे ध्येय ठरवायला भरपूर मोकळा वेळ.

फॉर्म कुठलाही भरा, शेवटच्या दिवशी भरू नका. साइट हमखास अडकते. आणि जातीच्या दाखल्यावर, आधारवर व मार्कशीटवर तुमचे नाव एकसारखेच लिहिलेले आहे ना, हे आज रात्रीच काढून बघा.